टिचूची उंची

गल्लीत तिला 'अर्धा टक्का' म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे अर्धा टक्का. स्टुडिओत कुणी फोटो दुरुस्त करून घ्यायला आलं आणि "नाक जरा बारीक करा हं" म्हणालं, की ताई चष्म्यावरून बघत विचारायची, "जरा म्हणजे किती? दोन टक्के? अर्धा टक्का?" आता आपल्या नाकाचे टक्के कुणाला ठाऊक असतात? माणसं गोंधळायची, एकमेकांकडे बघायची आणि "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणून सुटका करून घ्यायची. ताई मग खरोखरच अर्धा टक्का करायची. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं, कारण मुळात त्याच्या नाकाला काही झालेलंच नसायचं.

तिची जागा स्टुडिओच्या मागच्या खोलीत. पूर्वी ती फोटो धुवायची अंधारी खोली होती, त्यामुळे खिडकी नाही. छताचा लाल दिवा कुणी कधी लावत नसे आणि काढतही नसे. जुने फोटोग्राफर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांनी ताईला बारीक ब्रशने फोटोवरचे डाग भरायला शिकवलं. उस्ताद गेले, त्यांचा मुलगा मालक झाला, ब्रश गेले, कॉम्प्युटर आला. उस्तादांच्या काळातल्या वस्तूंपैकी उंच पाठीच्या दोन लाकडी खुर्च्या तेवढ्या उरल्या. एक पुढे फोटोसाठी, दुसरी ताईच्या बुडाखाली.

चाळिशी उलटल्यावर ताई कॉम्प्युटर शिकली आणि शिकतानाच एक नियम करून बसली, की हाताने काही ओढायचं नाही. कॉम्प्युटरमध्ये फोटोतला माणूस कापून वेगळ्या पारदर्शक कागदावर ठेवता येतो. असे कितीही कागद एकावर एक रचता येतात, त्यांना लेयर म्हणतात. लेयर लहानमोठा किंवा तिरका करायचा असला की बाकीचे लोक त्याचा कोपरा माऊसने पकडतात आणि डोळ्यांना बरं दिसेपर्यंत ओढत बसतात. ताईच्या मते हा अंदाजपंचे कारभार. ती वरच्या चौकटीत आकडा लिहायची. रुंदी एवढी, उंची एवढी, आणि दोन्हींमधली साखळी लावलेली, म्हणजे माणूस उगाच लठ्ठ किंवा लंबूटांग होत नाही. फिरवायचं तर आधी मधलं टिंब उचलायचं, जिथे खिळा ठोकायचा तिथे नेऊन ठेवायचं, मग अंश लिहायचे. आणि जे काय करायचं ते एका दमात. पुन्हा पुन्हा वळवलं की चेहरा धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा होतो. हे तिने मालकाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की तो झोपेतही म्हणून दाखवेल.

अशा या मोजूनमापून जगणाऱ्या बाईच्या डोक्याचा भुगा झाला तो एका फोनमुळे.

फोन स्टुडिओच्या जुन्या नंबरवर आला. पलीकडचा माणूस अडखळत म्हणाला, "तुमच्याकडे फार वर्षांमागे आमचा एक फोटो काढला होता. एक प्रत माझ्याकडे आहे, कोपऱ्यात तुमचा शिक्का. त्या घरच्या लोकांचा नवा पत्ता कुठे मिळेल का हो? जुन्या घरी आता दुसरेच कोणी राहतात."

"फोटोत कोण कोण आहे?" ताईने कागद पुढे ओढला.

"आईबाबा खुर्च्यांवर बसलेत. मागे मी आणि माझी ताई."

ताईच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "आणि तुम्ही कोण?"

"घरी मला टिचू म्हणायचे."

ताई बसलेलीच होती, तरी आपण मटकन बसलो असं तिला वाटलं.

टिचू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी टिचभर होता म्हणून टिचू. अठराव्या वर्षी परीक्षेत आपटला, बाबांनी शेजाऱ्यांदेखत "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणून सुनावलं, आणि त्या पोराने ते शब्दशः ऐकलं. एका सकाळी पिशवी घेऊन जो गेला तो गेलाच. बाबा शोधून शोधून थकले आणि तोच घोर घेऊन गेले. मागे उरला तो भिंतीवरचा एकुलता एक फोटो, टिचू घर सोडायच्या जरा आधी याच स्टुडिओत उस्तादांनी काढलेला. त्या फोटोत दादा नाही, कारण थोरल्याला तेव्हा परगावी नोकरी लागली होती, आणि ही गोष्ट दादाने अजून पोटात ठेवली आहे. ताईसुद्धा त्या वर्षी मावशीकडे शिकायला होती, फोटोपुरती आली नि दुसऱ्या दिवशी परत गेली.

आता भाऊ सापडला म्हटल्यावर पेढे वाटायचे सोडून ताई घामाघूम का झाली? तर असा एक भाऊ आधी एकदा सापडून झाला होता. काही वर्षांपूर्वी एक इसम दारात उभा राहिला, "आई, मी टिचू" म्हणाला आणि रडला. फोटोतल्या पोरासारखाच ठेंगण्या बांध्याचा. दादाने त्याला खालीवर न्याहाळून सांगितलं, "उंचीला तरी तोच आहे." आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, एवढंच म्हणाली, "कष्टानं खुरटलास रे," आणि त्याला पोटभर जेवू घालत राहिली. एका दुपारी तो बाबांचं मनगटी घड्याळ घेऊन पसार झाला. आई भिंतीकडे तोंड करून पडली ती कितीतरी दिवस उठली नाही. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, असा धक्का दुसऱ्यांदा बसला तर बाईंचं काही खरं नाही.

म्हणून आईला फोनचं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. दादा तावातावाने म्हणाला, "रक्त तपासून घेऊ."

"आणि तो खरा असला तर?" ताई म्हणाली. "इतक्या वर्षांनी आलेल्या भावाला काय सांगायचं, आधी रक्त दे, मग उंबरा ओलांड?"

"मग तूच काय ते मोज. सगळ्या जगाची नाकं मोजतेस, घरचं एक मोजून दाखव."

दादाने त्या माणसाला फोनवर प्रश्नही विचारून पाहिले होते. जुन्या घराच्या भिंती कुठल्या रंगाच्या होत्या? तो म्हणाला हिरव्या. दादा म्हणाला निळ्या. ताईला त्या पिवळ्या आठवत होत्या. तेव्हा तोही मार्ग खुंटला.

माणसाने फोनवरून स्वतःचा फोटो पाठवला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, अंगात निळा डगला, डोक्यावरचे केस मागे हटलेले, हसताना डोळे बारीक. ताईने तो बघितला आणि तिला वाटलं, हाच. पाच मिनिटांनी पुन्हा बघितला आणि वाटलं, छे, कोण कुठला!

मग तिने भिंतीवरचा फोटो उतरवून आणला, आईला सांगितलं काच पुसायची आहे. स्टुडिओत तो स्कॅन केला. टिचूला बाकीच्यांपासून कापून वेगळ्या लेयरवर घेतलं. कापताना तिला दिसलं, की त्याचा डावा हात बाबांच्या खुर्चीवर आहे आणि उजवा कुठेच नाही. बाही तिच्या खांद्यामागे जाते आणि संपते. मागे बांधला असेल, असं म्हणून तिने कडा साफ केली आणि पुढे गेली.

मग खालच्या लेयरवर अठरा वर्षांचा टिचू, वरच्या लेयरवर लिफ्टवाला, निम्मा पारदर्शक करून. टिंब डाव्या बुबुळावर ठेवलं, आकडा लिहिला, डोळ्यांवर डोळे बसवले. बरोब्बर बसले! पण तोंड खाली घसरलेलं. तोंडावर तोंड बसवलं तर कान निसटले. कानांच्या मागे लागली तर हनुवटी भलतीकडेच. तिने अंश बदलले. साखळी सोडली, पुन्हा लावली. मग जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं, कोपरा माऊसने धरला आणि ओढला. ओढत राहिली. शेवटी लिफ्टवाल्याचा चेहरा पाण्यात पडल्यासारखा विरघळला आणि त्यात कुणीच दिसेना, भाऊ नाही की परका नाही.

शेजारचा घड्याळवाला सुटे पैसे मागायला डोकावला. ताईने त्याला भिंतीशी उभं करून फोटो काढला आणि तोही लेयर टिचूवर ठेवून पाहिला. जरा दाबला, जरा तिरका केला, आणि काय सांगावं, डोळे, नाक, तोंड, सगळं जुळलं. लिफ्टवाल्यापेक्षा चांगलं जुळलं.

"म्हणजे मी तुमचा भाऊ?" घड्याळवाला पडद्याकडे बघून म्हणाला. "मग रोज दुकानात सुका डबा कशाला खातो मी? घरी जेवायला बोलवा की!"

ताईला हसू आलं नाही. तिला आपल्या कामाचीच भीती वाटली. हवं तितकं वळवता येत असेल तर कुणीही कुणाचाही भाऊ होईल, मग आकड्याला अर्थ काय राहिला?

चेहरा दगा देतो, पण उंची देत नाही, असं तिने रात्रभर कूस बदलत ठरवलं. चेहऱ्यावर वय बसतं, उंचीवर थोडंच बसतं? तिने लिफ्टवाल्याला फोन लावला आणि खोटं बोलली. "स्वेटर विणावा म्हणते. उंची किती तुमची?"

तो म्हणाला, "माझ्यासाठी? खरंच?" आणि लहान पोरासारखा भरभर सांगू लागला, "पाच फूट सात इंच. छातीचं माप पण देऊ? थांब, टेप आणतो."

'थांबा' नव्हे, 'थांब' म्हणाला, हे ताईच्या कानांनी टिपलं. पण माप ते माप.

आता जुन्या फोटोतला टिचू किती उंच? ते सोपं होतं. फोटोत त्याच्या शेजारी ती स्वतः उभी होती, आणि तिची उंची पाच फूट, तेव्हाही आणि आजही. खुर्च्यांच्या मागे दोघांची डोकी जवळजवळ एका रेषेत. तिने आपल्या लेयरवर पट्टी धरली, टिचूच्या लेयरवर धरली. टिचू तिच्यापेक्षा एक बोट उंच. ओढूनताणून पाच फूट एक इंच. लिफ्टवाला अर्धा फूट जास्त निघत होता.

तरी मन मानेना. संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आपला टिचू केवढा होता गं?"

आईला आता दिसायचं कमी. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि हात डोक्याच्याही वर उंच नेला. "केवढा म्हणजे? दारातून वाकून यायचा. रोज सांगायची मी, कपाळ सांभाळ."

ताईची आशा पालवली. पण थोड्या वेळाने आई आपणहून म्हणाली, "एवढासा होता गं," आणि तिचा हात कमरेशी होता. आता यातला कुठला हात धरायचा? ताईने दोन्ही सोडून दिले.

दादाला फोनवर तिने मोजमाप सांगितलं. दादा म्हणाला, "अठरा वर्षांचा घोडा नंतर अर्धा फूट वाढतो का? मला तर तो बुटकाच आठवतो. संपलं. मी त्याला आजच कळवतो, येऊ नकोस म्हणून."

"आजच कशाला?"

"मग कधी? आईला कळल्यावर?"

ताईने फोन ठेवला. मोजमाप चोख होतं. आपण बरोबर आहोत याचं इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत एक जोडपं आलं. नवरा ताडमाड, बायको त्याच्या छातीशी. मालकाने आतून हाक मारली, "ताई, मोठेपणा आणा जरा!" मोठेपणा म्हणजे स्टुडिओतला लाकडी ठोकळा. बुटक्या माणसाला फोटोत वर चढवायला उस्तादांनी तो करून घेतला होता आणि गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून त्याचं हे नाव पाडलं होतं. उस्तादांना डोकी एका रांगेत हवी असत. ताईने कोपऱ्यातून ठोकळा ओढून आणला, खुर्चीच्या मागे ठेवला. बायको त्यावर चढली, डुगडुगली, तिने नवऱ्याचा दंड पकडला. फोटोत दोघांची डोकी शेजारी शेजारी आली. खुर्चीमुळे पाय झाकले गेले. पुढून बघणाऱ्याला वाटावं, काय जोडा शोभतो!

ताई मागच्या खोलीत येऊन खुर्चीत बसली आणि पडद्यावर राहिलेल्या जुन्या फोटोकडे बघत राहिली. आईबाबा खुर्च्यांवर. मागे ती आणि टिचू. दोघांचे पाय खुर्च्यांमागे झाकलेले. डोकी एका रांगेत.

ती ताडकन उठली. वळून खुर्चीकडे बघितलं. उंच पाठ, पाठीच्या कोपऱ्यावर लाकडी गोळा. फोटोत आईची खुर्ची हीच होती. फोटोतल्या ताईच्या फ्रॉकचा पांढरा पट्टा त्या गोळ्याला टेकलेला होता, म्हणजे गोळा तिच्या कमरेशी होता. ताई खुर्चीच्या मागे जाऊन ताठ उभी राहिली. गोळा तिच्या बरगड्यांशी आला.

तिने टेप घेतली. कमरेपासून गोळ्यापर्यंत मोजलं. मग पुढे जाऊन, जोडप्याला "माफ करा हं" म्हणत, बायको उतरल्या उतरल्या ठोकळा मोजला. दोन्ही सहा इंच.

आपण ठोकळ्यावर होतो. तिला दिव्यांची धग आठवत होती, नव्या फ्रॉकची टोचणारी शिवण आठवत होती, ठोकळा मात्र आठवत नव्हता. इतकी वर्षं घरातले सगळे भिंतीवरचा तो फोटो बघत आले आणि फोटो सांगेल तेवढाच टिचू सगळ्यांच्या डोक्यात राहिला. ठेंगणा, ताईएवढा. त्याच्या शेवटच्या वर्षात ना दादा घरी होता ना ती, तो कधी वाढला हे बघितलं फक्त आईबाबांनी. म्हणून तो घड्याळचोर फोटोला शोभला. म्हणून आईला तो खुरटलेला वाटला आणि तिचं कुणी ऐकलं नाही. आणि ताई! दुसऱ्याच्या नाकाचे टक्के काढणारी ताई, ज्या खुर्चीत बसून मोजत होती तीच मोजायची विसरली, आणि स्वतःला पट्टी धरून भावाला खोटा पाडून मोकळी झाली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की लाल दिवा लावून अंधारात बसावंसं वाटलं.

तिने लिफ्टवाल्याला फोन लावला.

"दादाचा फोन आला होता," तो आधीच म्हणाला. आवाज कोरडा होता. "म्हणाला, उंची जुळत नाही, येऊ नकोस. मी म्हटलं ठीक आहे. इतकी वर्षं मीच आलो नाही, आता काय तोंडाने भांडू? फक्त एक विचारायचं होतं. मग स्वेटरचं काय?"

"विणते," ती म्हणून गेली. तिच्याकडे लोकर नव्हती, सुयाही नव्हत्या. "तू ये. माझं मोजताना चुकलं."

"काय चुकलं?"

"आलास की बोलू. आधी स्टुडिओत ये, घरी नको."

तिने ठोकळ्याचं काही सांगितलं नाही. सांगावंसं वाटत होतं, पण नाही सांगितलं. कारण फोन ठेवताच तिच्या डोक्यात पुन्हा घोळ सुरू झाला. उंची जुळली म्हणून काय झालं? पाच फूट सात इंच तर घड्याळवालाही आहे. दादाला तिने खुर्चीचं गणित समजावलं, तेव्हा त्यानेही तेच म्हटलं. "म्हणजे आधी तो खोटा नक्की होता, आता तेही नक्की नाही. काय मिळवलंस?" पण रविवारी येतो म्हणाला.

रविवारी तो आला. फोटोपेक्षा वयस्कर, हातात पिशवी. स्टुडिओच्या पायरीवर थांबला आणि चपला काढाव्यात की नाही या विचारात पडला. दादा दाराशी हाताची घडी घालून उभा. तिघांपैकी कुणाला पुढे होऊन मिठी मारायचं सुचलं नाही. "प्रवास बरा झाला?" ताईने परक्याला विचारावं तसं विचारलं, आणि तो "हो, बरा झाला" म्हणाला. मग सगळे पंख्याकडे बघत राहिले.

ताईचं ठरलं होतं. तोच फोटो, तशाच खुर्च्या, तसंच उभं राहायचं. मालक तेवढ्याच अंतरावरून फोटो काढेल, मग ती नवा लेयर जुन्यावर ठेवेल, या वेळी खुर्चीला धरून, काही न ओढता. खांदे, मान, कान, जे काही हाडाचं आहे ते जुळतं का बघेल. नाही जुळलं तर याला इथूनच निरोप द्यायचा. आई घरी दुपारची झोप घेत होती, तिला काही कळणार नव्हतं. हे सगळं ठरवताना चोख वाटलं होतं. आता तो समोर पिशवी छातीशी धरून उभा होता, आणि ताईला कळेना, की आपण नक्की काय जुळायची वाट बघतोय आणि नाही जुळलं तर याच्याकडे कसं बघायचं.

"एक फोटो काढू," ती त्याला म्हणाली. "इथे उभा राहा, खुर्चीच्या मागे."

तो निमूट उभा राहिला. त्याने पिशवी खाली ठेवली, डावा हात बाबांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. फोटो त्याच्याकडेही होता, तेवढं कुणीही पाठ केलं असतं. दादाने ताईकडे बघून भुवई उडवली, म्हणजे त्यालाही तेच वाटलं.

मालकाने त्याच्या शेजारी, आईच्या खुर्चीमागे ठोकळा सरकवला. ताई आता वीस वर्षांची नव्हती, गुडघे कुरकुरत होते. तिने एक पाय वर ठेवला, दुसरा उचलला, ठोकळा फरशीवर डुगडुगला आणि तिचा तोल गेला.

मागून एक तळवा तिच्या पाठीवर टेकला. बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, घट्ट. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. तो समोर कॅमेऱ्याकडेच बघत होता, हात तेवढा तिच्या मागे गेला होता. ओठ न हलवता तो पुटपुटला, "सरळ बघ गं. उस्ताद ओरडतील. मी धरलंय."

आणि ताईला ठोकळा आठवला. दिव्यांची धग, टोचणारी शिवण, पायाखाली हलणारं लाकूड, "सोडू नको हं, पडेन मी" असं दात दाबून तिचंच बोलणं, आणि पाठीवर हाच हात. इतक्या वर्षांत ती तेवढंच विसरली होती. तिने समोर बघायचा प्रयत्न केला, पण समोरचं सगळं पाण्यात गेलं.

मालकाने बटण दाबलं. दादा पुढे आला, त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यात वाकून बघितलं, मग चष्मा वर करून पुन्हा बघितलं.

"याचा उजवा हात कुठे गेला?" तो म्हणाला. "एकच दिसतोय."

ताई अजून ठोकळ्यावरून उतरली नव्हती.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "चल दादा, आईला उठवू."